वर चढवलेली बाही

जिल्ह्यातल्या रक्तदाबाच्या नोंदी तपासणं हे माझं काम. तुळजापूरकडच्या एका गावच्या शिबिरात तो म्हातारा मला भेटला. खुर्चीत बसताच त्यानं सदऱ्याची बाही निगुतीनं घड्या घालत वर चढवली आणि लगेच खाली घ्यायला लागला.

"थांबा बाबा, अजून मोजलंच नाही."

"मोजतेत व्हय? दरसाली म्या बाही वर करतो, लिवून घेतेत, म्या खाली करतो."

या गावच्या नोंदी मी आदर्श म्हणून मिरवल्या होत्या. एकही रकाना रिकामा नाही आणि अख्ख्या गावाचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी! इतकं निरोगी गाव पाहून माझा ऊर भरून आला होता. यंत्रात सेलच नसतील, ही शंका मात्र आली नव्हती.

मी यंत्र उघडलं, आत सेल नव्हतेच. नवे घातले, पट्टा बांधला. आकडा दोनशेच्या वर गेला; मी पुन्हा मोजलं, तरी तोच.

"माझं परेशर कायम चांगलं," म्हातारा म्हणाला. "चक्कर तेवढी लई येती. तिला तुमचं लिवलेलं वाचता येत न्हाय जणू."

त्याला धाराशिवला न्यायला गाडी बोलावली. चढण्याआधी त्यानं बाही पुन्हा वर केली.

"सायेब, तिथं तरी पट्टा बांधतेत का?"

हो म्हणण्याइतका माझाच भरवसा उरला नव्हता. मी गाडीत त्याच्या शेजारी बसलो.