आधी बीपी बघा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन म्हणाले, "आधी वजन उतरव. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि त्यांची चिठ्ठी आण."

आम्हाला नेहमीचा डॉक्टरच नव्हता. बोरीवलीतल्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासलंही नाही. आईला म्हणाले, "घरातला सगळा भात हिलाच वाढता का हो?" आई ओशाळून हसली. मी काहीच बोलले नाही, याचा राग मला रात्रभर येत राहिला.

दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्याही आईकडेच बघून म्हणाल्या, "हिचं गोड बंद करा."

या वेळी मी आईच्या पुढे झाले. म्हटलं, "डॉक्टर, पोट माझं आहे, मला सांगा. आणि आधी बीपी तरी बघा."

"गप रव गो!" आई पुटपुटली.

बाईंनी बीपीचं यंत्र पुढे ओढलं. "बस. बाही वर कर." पट्टा दंडाला पुरेना, तेव्हा त्यांनी तो हाताने दाबून धरला. मग दुखतं कधी, झोप कशी लागते, सगळं मलाच विचारून लिहून घेतलं. "दर सोमवारी ये. चिठ्ठी मी देईन."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "कॉलेजात जाऊन उद्धट झालीस."

"झाले," मी म्हटलं, आणि सोमवारी एकटीच गेले.