सुलभाचा फॉर्म

आजी पत्त्यांत लबाडी करते, हे माझी नातवंडं तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगतील. करते. बदामसातला अठ्ठी मांडीखाली दाबून ठेवते, आणि पकडले गेले की उलट त्यांच्यावरच ओरडते. असल्या लबाड्या मी हौसेनं कबूल करते. एक मात्र कुणाकडे उच्चारलेली नाही. नवऱ्याकडे नाही — ते गेले ते माझ्याबद्दल चांगलंच मत घेऊन गेले. मुलांकडे तर नाहीच. तुम्ही परके, म्हणून तुमच्याकडे धीर होतोय. किती होतोय ते बघू.

ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. मुलुंडचं कॉलेज, बी.एस्सी. तेव्हा पद्धत अशी, की पहिल्या वर्षाला तीन विषय — फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. दुसऱ्या वर्षी त्यातला एक सोडायचा, तिसऱ्या वर्षी आणखी एक. आणि सोडला तो सुटलाच. दुसऱ्या वर्षाचं गणित केलेलं नसेल तर तिसऱ्या वर्षी गणित मिळत नसे. तिसऱ्या वर्षाचं नसेल तर गणितातल्या एम.एस्सी.चं नाव काढायचं नाही. जूनमध्ये ऑफिसच्या खिडकीवर एक फॉर्म द्यायचा. त्यावर विषयांचे दोन रकाने. बस, एवढंच.

आणि मी? दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा, शाळेत पहिली आल्याची हवा डोक्यात. स्वतःला गणिती समजायचे! खरं सांगू? मी सिद्धता पाठ करायचे. एप्सिलॉन-डेल्टा पाढ्यांसारखं घडाघडा म्हणायचे. सरांनी एकदा फळ्यावरची अक्षरं बदलून तीच सिद्धता मला करायला सांगितली आणि माझी वाट लागली. सर म्हणाले, "पाठ केलंस होय?" खडू माझ्या हातातून काढून त्यांनी सुलभाला दिला.

सुलभा माझी मैत्रीण. मालवणकडची माणसं, वडील गिरणीतली नोकरी सुटल्यावर भांडुपला वॉचमन होते. एका खोलीत सहा जणं. ती पुस्तकात नसलेल्या वाटेनं चार ओळींत सिद्धता संपवायची आणि मागं वळून माझ्याकडे बघून हसायची — मला खिजवायला नव्हे हो, गंमत वाटायची तिला. तिला एम.एस्सी. करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. दुसरं काही नकोच होतं. आणि मला? मला फक्त ती समोर नको होती. हे तेव्हा मी असं शब्दांत म्हटलं नव्हतं. पण हात म्हणाला.

त्या जूनमध्ये सुलभाला कावीळ झाली. फॉर्मची मुदत संपत आलेली. तिनं पडल्या पडल्या कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि माझ्या हातात दिला. "विषय तू भर गं. मॅथ्स-फिजिक्स. माझं अक्षर आत्ता मुंगीसारखं चालतंय."

आम्ही सगळ्याच एकमेकींचे फॉर्म भरायचो. त्यात काही वावगं नव्हतं.

खिडकीसमोरच्या बाकावर बसून मी आधी माझा भरला. मॅथ्स, फिजिक्स. मग तिचा काढला. पहिल्या रकान्यात फिजिक्स लिहिलं. आणि मग — तुम्हाला वाटत असेल हात थरथरला वगैरे — छे! सुवाच्य अक्षरात, नीट सरळ ओळीत, मी केमिस्ट्री लिहिलं. क्लार्कनं शिक्का मारला. मी बाहेर येऊन वडापाव खाल्ला.

चूक झाली म्हणता आलं असतं. पण विषय बदलायला पंधरा दिवस होते. खिडकीशेजारीच नोटीस लावलेली, मी रोज वाचायचे. आणि एक दिवसाआड सुलभाकडे जायचे, उसाचा रस घेऊन. तिची आई दारातच म्हणायची, "ये गो बाय. तुझ्यासारकी मैत्रीण मेळाक नशीब लागता." सुलभा पिवळ्या डोळ्यांनी, गुडघ्यावर वही ठेवून, कुणाकडून तरी आणलेल्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातली गणितं सोडवत असायची.

"फॉर्म दिलास ना गं?"

"दिला."

"लिस्ट लागली?"

"अजून नाही. तू रस पी."

असे पंधरा दिवस. त्यातल्या कुठल्याही एका दिवशी मी तोंड उघडू शकले असते. का नाही उघडलं? भीती? पहिले दोन दिवस भीती होती. नंतर मी फक्त दिवस मोजत होते.

मुदत उलटल्यावर तिला सांगितलं, "अगं, लिस्ट लागली. मॅथ्सच्या जागा माझ्यापर्यंतच भरल्या. क्लार्कनं केमिस्ट्री लिहायला लावलं, नाहीतर वर्षच गेलं असतं." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तसंच पडून म्हणाली, "बरं झालं तू होतीस."

सरांनी वर्गात तिला शोधलं. मीच उभी राहून सांगितलं, "तिनं केमिस्ट्री घेतली, सर." सर म्हणाले, "मला विचारलंसुद्धा नाही." पुढं जिन्यात ती दिसली की सर दुसरीकडे बघायचे. का, ते तिला कधीच कळलं नाही.

तरी तिसऱ्या वर्षी ती अर्ज घेऊन खिडकीवर गेली. सोबत मीच. क्लार्कनं नियमावर बोट ठेवलं — दुसऱ्या वर्षाचं गणित कुठाय? तिनं अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, घडी पडेना तोवर घालत राहिली.

मी गणितात कॉलेजात पहिली आले. समोर होतं कोण? एम.एस्सी. केलं, तीस वर्षं शिकवलं. पाठ केलेलंच शिकवलं. दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसून मुलांना बजावायचे, "आधीचं केलेलं नाही, तर पुढचं मिळणार नाही, बाळा." सुलभा कांदिवलीला एका औषधांच्या कंपनीत लागली. जन्मभर ब्युरेटमधले थेंब बघितले. पहिली काही वर्षं घरी आली की माझ्या एम.एस्सी.च्या वह्या मागायची, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या वाचायची. एकदा तिथंच पेन्सिलीनं माझी एक चूक दुरुस्त केली. मग एका खेपेला तिनं वही मागितली नाही. पुढं कधीच नाही.

माझ्या निवृत्तीच्या समारंभाला ती आली होती. माईक घेऊन म्हणाली, "मी आजारी असताना हिनं माझा फॉर्म भरला, म्हणून मी ग्रॅज्युएट झाले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती अजून कांदिवलीलाच राहते. दर रविवारी सकाळी फोन करते, गुडघे कसे आहेत विचारते. गेल्या रविवारीही केला. आम्ही अर्धा तास बोललो, आणि मी तिला हे सांगितलं नाही.