मी एकटाच ठीक

कोरोना संपला असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यावर बऱ्याच दिवसांनी तो साताऱ्यात आमच्या गल्लीत आला.

तो आला नेमका बारशाच्या तोंडावर. जतजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची लेक पूनम बाळंत झाली होती. आक्काचा फोन आला. "तुमच्याकडं साथ हाय म्हनं. टेस्ट केल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई. बाळ लय बारकं हाय!"

"आक्का, त्यात काय? आत्ता आणतो किट!" असं म्हणून मी बाहेर पडलो.

पहिल्या मेडिकलवाल्यानं हात हलवले. "किटं सकाळीच संपली. मास्क न्या." दुसऱ्यानं खोकल्याचं औषध दाखवलं. तिसऱ्याला मी जरा हळू आवाजात विचारलं, तर त्यानं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "कोरोनाची टेस्ट? कुणाला झालाय?" माझ्यामागची रांग एकदम विरळ झाली. (किट मिळालं नाही, पण नंबर लगेच लागला.) रिकाम्या हातानं घरी जायला लाज वाटली, म्हणून मी वाफ घ्यायचं यंत्र घेतलं.

"आवं, किट आणाय गेलावता न्हवं?" बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली. "ह्ये काय?"

"हे शिल्लक होतं."

आमचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खाटेवरूनच मोहीम आखली. "जतला मिरजेवरनंच जायचंय. मिरजेत जिथं थुकशील तिथं दवाखाना. तिथं न्हाई मिळालं तर कुठंच न्हाई. निघा!"

बारशाच्या दिवशी पहाटेच निघालो. रस्त्यात धूळ म्हणून काचा वर केल्या. माझ्या घशात जरा खवखवत होतं, पण त्याचा दोष मी आदल्या दिवशीच्या उसाच्या रसाला देऊन मोकळा झालो. नाकही गळत होतं. तो दोष एसीचा!

मिरजेत दवाखाने खरोखरच पावलोपावली होते आणि प्रत्येक दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधली किटं संपलेली होती. एकानं चिठ्ठी मागितली. एकानं संध्याकाळी यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत बाळाचं नाव ठेवून झालं असतं! शेवटी एका बोळातल्या म्हाताऱ्या दुकानदारानं फडताळाच्या तळातून तीन सुटी किटं काढली. मी त्यांच्याकडं देवाकडं बघावं तसं बघितलं. किट कसं वापरायचं हेही ते सांगायला लागले, पण एकावर एक असे दोन मास्क लावलेले असल्यामुळं मला "नाकात" आणि "रेघ" एवढंच ऐकू आलं.

"रेघांचं ध्यानात आलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आवं, आमच्या ऑफिसातला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघतो!" मी म्हणालो. दुकानदारांनी किटं पुडीत बांधून दिली. मी तेव्हाच गप्प बसून ऐकायला हवं होतं.

कवठेमहांकाळच्या पुढं एका लिंबाखाली गाडी थांबवली. नाकात काडी घालताना आबा सावधानमध्ये उभे राहिले. सुनंदा मात्र काडी दिसली की मान मागं न्यायची, तिच्यामागं मी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. मग तीन पट्ट्या बॉनेटवर मांडून आम्ही बारावीच्या निकालासारखे वाट बघत बसलो.

आबांच्या पट्टीवर एक रेघ आली. तिच्याशेजारी लिहिलं होतं C. सुनंदाचीही एकच रेघ, C. माझ्या पट्टीवर मात्र दोन रेघा, C आणि T.

"सी म्हंजी काय रं?" आबांनी विचारलं.

"कोरोना," मी जड आवाजात सांगितलं.

सुनंदानं डोळ्याला पदर लावला. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् तुजी ती टी?"

मी क्षणभर विचार केला. "ठीक."

"म्हंजी?"

"म्हणजे मला होऊन गेला. आता मी ठीक आहे."

"पर ठीकला टी कशी?" सुनंदा रडता रडता म्हणाली. "त्यो तर ठ हाय."

"इंग्रजीत ठ नसतो. टी वरच भागवतात!"

यावर दोघांनी माना डोलावल्या. ऑफिसातही अशाच डोलावतात.

मी दोन्ही रुग्णांना मास्क लावून मागच्या सीटवर बसवलं. स्वतःचा मास्क काढून खिशात ठेवला, कारण मी ठीक होतो! वाटेत त्यांना धीर दिला, वळून वळून दिला. आबांना खोकल्याची उबळ आली तेव्हा माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा पाजलं.

आक्काला फोनवर सांगितलं तर तिनं हंबरडाच फोडला. "म्हायेरचं कुनीच न्हाई व्हय रं बारशाला?"

"मी आहे की! मी एकदम ठीक आहे."

"मग तू तरी ये बाबा!"

वस्तीवर मांडव घातला होता, पाळणा सजवला होता. रुग्णांना गाडीतच ठेवून मी बाळंतविडा घेऊन एखाद्या वीरासारखा आत शिरलो. आक्कानं डोळे पुसले. पूनम बाळाला घेऊन पुढं आली आणि मी दोन्ही हात पसरले.

"मामा, टेस्ट केली न्हवं?"

"हा बघ पट्ट्यांचा फोटो!" मी अभिमानानं मोबाईल पुढं धरला. "त्या दोघांना नुसता कोरोना आहे. मी ठीक!"

पूनमनं फोटो बघितला आणि बाळाला छातीशी धरून ती अशी मागं सरली की पाळणाच हलला. "मामा! सी म्हंजे कंट्रोल! किट चालतंय म्हणून ती रेघ येती. दोन रेघा आल्या म्हंजे कोरोना! तुमालाच झालाय!"

मांडव माझ्याभोवती गोल रिकामा झाला. माझे हात अजून पसरलेलेच होते. ते मी पाठीमागं नेऊन बांधले. बाळाचं टोपडं माझ्या बोटांपासून वीतभरच लांब राहिलं होतं.

"मग मला काय झालंय?" गाडीतून आबांचा फौजी आवाज आला.

"आबा, तुमाला कायबी न्हाई!"

"मग ह्या गाढवानं मला कोंडून उष्टं पानी का पाजलं?"

 पाण्याचं ऐकल्यावर पूनमनं त्या दोघांनाही आत घेतलं नाही. त्यांना बांधावरच्या चिंचेखाली बसवलं आणि मला त्यांच्यापासूनही लांब, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या, पलीकडच्या बाभळीखाली. आक्कानं माझं ताट अर्ध्या वाटेतच ठेवलं आणि ती वळूनही न बघता गेली. पाळणा म्हटला गेला. बाळाचं नाव काय ठेवलं ते आबांनी ओरडून सांगितलं, पण नेमकं त्याच वेळी मेंढरू ओरडलं.

बाळाला काही झालं नाही. सुनंदा आणि आबा मात्र घरी आल्यावर दोघंही दोन रेघांचे झाले आणि शिल्लक म्हणून आणलेल्या त्या यंत्रावर आळीपाळीनं वाफ घेत माझा उद्धार करत राहिले.

बारशाचा फोटो नंतर सगळ्या नातेवाइकांकडं गेला. पुढं पाळणा, पूनम, आक्का. मागं लांबवर मेंढरं आणि ती ताटापासून हुसकायला हातात काठी घेतलेला मी. "त्यो मागं कोन उभा हाय?" कुणीतरी विचारलं.

"मेंढरं राखाय ठेवलाय," आक्कानं सांगून टाकलं.

मी तो फोटो मोठा करून बैठकीत लावलाय. माझ्याकडं कुणीतरी विश्वासानं काही सोपवलंय असं वाटावं, असा माझा तेवढा एकच फोटो आहे!