तूर, हरभरा आणि क्लोरीन

नळाच्या पाण्याला पावडरीचा वास आला की दिवसभर तोंड कडवट राहते. त्या पावडरीत क्लोरीन असते, हे मला नंदाने सांगितले. नंदा माझी नात, दहावीला विज्ञानात नापास झालेली. ऑक्टोबरात तिला पुन्हा बसायचे होते, आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्याच लेकाने, बजावले होते की या वेळीही नापास झाली तर दिवाळीनंतर स्थळे बघायची. मी चौथी शिकलेली, उसाच्या खुरपणीत कंबर घालवून बसलेली बाई. मी तिला काय शिकवणार होते?

त्या दुपारी निमगावातल्या आमच्या ओट्यावर मी डाळीची तूर निवडत होते. ती वहीत क्लोरीनच्या दोन अणूंभोवती इलेक्ट्रॉनचे ठिपके काढी आणि खोडी. प्रत्येकाकडे सात, पाहिजेत आठ! त्या खोडण्याचा कंटाळा येऊन मी सात दाणे तुरीचे, सात हरभऱ्याचे तिच्यापुढे ठेवले. तिने एक तूर, एक हरभरा मधे सरकवला आणि मोजले.

"हिकडं आठ, तिकडं सहा."

"सहा कसं गं?"

"ह्यानं एक दिला न्हवं? दिला म्हंजी गेला की, आज्जी."

या घरात वाढलेली पोर दुसरे काय म्हणणार? इथे दूध दिले की डेअरीत गेले, लेक दिली की सासरी गेली. देऊनही आपल्याकडे राहते असे काही तिने कधी पाहिले होते का?

मग मी तिला बैल सांगितले. माझ्याकडे एक बैल, जावेकडे एक. बांधावरून आमचे बोलणे बंद, तोंड पाहणे नको. पण नांगराला जोडी लागते, म्हणून आमची सावड होती. आज दोन्ही बैल तिच्या रानात, उद्या माझ्या. कोणी विचारले तर ती म्हणायची, माझ्याकडे जोडी आहे. मीही तेच म्हणायचे.

"आता सांग, खोटं कोण बोललं?"

"कुणीच न्हाय."

"मग मधली जोडी दोन्हीकडनं मोज."

तिने बोट ठेवून इकडून मोजले, तिकडून मोजले. आठ. आठ.

"आगं बया, एवढंच व्हतं?"

"एवढ्यापायी माझी तूर तशीच राहिली," मी म्हणाले.

नंदा पास झाली. काठावर, पण झाली. बापाने पेढे आणले नाहीत, स्थळाचेही नाव काढले नाही. जूनपासून ती एसटीने इंदापूरला कॉलेजात जाते. तिची आई उजाडताच रानात, त्यामुळे भाकऱ्या पुन्हा माझ्या गळ्यात आल्या आहेत. या वयात धूर सोसत नाही, वाकले की उठवत नाही. तरी नंदाचा डबा मी आधी बांधते. तिची गाडी सातची आहे.