यिन, यांग आणि सासूबाईंची छत्री

आमच्या घरात यिन जास्त झालं होतं. हे म्हणणं मी आजही मागे घेणार नाही.

वरोरला आमचं घर समुद्राला लागून. फेंगशुईचा कोर्स मी मोबाइलवरच केला. (प्रमाणपत्र आहे. लॅमिनेट केलंय!) काळं, ओलं, थंड ते यिन, लाल, कोरडं, लख्ख ते यांग, आणि दोघांचा तोल राहिला की घरात सुख. मी अंगणात नजर फिरवली. ओली जाळी, ओली लुगडी आणि दोऱ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांच्या डोक्यावर बांबूला टांगलेली सासूबाईंची फाटकी काळी छत्री. यिनच यिन!

"आई, ही छत्री काढते."

"का गो? चावली तुला?"

"तिच्यामुळे घरात भांडणं होतात."

"भांडणं तू आल्यापासून होतात. छत्री त्याच्या आधीची हाय."

असल्या बोलण्याला भिणारी मी नव्हे. सासूबाई डहाणूच्या बाजाराला गेल्या आणि मी छत्री भंगारवाल्याला देऊन टाकली. तिच्या जागी लाल रिबिनींची, किणकिणणारी घंटी टांगली.

"आईला विचारलंस?" नवरा म्हणाला.

"यांगला कुणाला विचारावं लागत नाही!"

आता हे बोंबील म्हणजे होड्या बंद असतानाची आमची पावसाळ्याची बेगमी. त्यातलंच एक पोतं तलासरीला दिलेल्या नणंदेचं. ते न्यायला ती दुसऱ्याच दिवशी येणार होती.

पहिला कावळा आला. घंटी वाजली. तो घंटीवरच बसला आणि त्याने नातेवाइकांना हाका मारल्या. (निरोप किनाऱ्याने पार झाई गावापर्यंत गेला असावा!) मी झाडू घेऊन धावले, नवरा टॉवेल गुंडाळून धावला. इकडून हाकलले की तिकडून येत आणि घंटीच्या तालावर खात. पांढऱ्यात काळं, काळ्यात पांढरं. माझ्या प्रमाणपत्रावरचं गोल चित्रच अंगणात उतरलं!

"बघ, तोल साधला," मी नवऱ्याला म्हटलं. त्याने टॉवेल सावरला आणि पुन्हा कावळ्यांमागे धाव घेतली.

सासूबाई परतल्या तेव्हा दोऱ्यांवर शेपट्या तेवढ्या उरल्या होत्या.

"छत्री कुठं गेली?"

"भंगारात."

"अगो, तिला मेलेला कावळा समजून लांब राहायचे ते! आता माझ्या पोरीला काय देऊ? तुझी घंटी?"

त्यांनी लेकीचं रिकामं पोतं उचलून झटकलं. मला मनापासून वाईट वाटलं. (तरी कोर्समध्ये मेलेल्या कावळ्याचा धडा नव्हता, हे मी सांगितलंच!)

नणंदेला फोन करून थांबवलं. नवे बोंबील दोऱ्यांवर चढले, पण छत्री कुठून आणायची? सासूबाईंची नजर माझ्या काळ्या गाऊनवर स्थिरावली.

बोंबील वाळेपर्यंत मी गाऊन घालून, हात पसरून अंगणात उभी होते. एक कावळा फिरकेल तर शपथ! नणंद भरलं पोतं घेऊन गेली. जाताना माझा फोटोही काढून गेली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने नवी काळी छत्री आणली. सासूबाईंनी ती उघडून पाहिली, मग मला पाहिलं.

"ठेव कपाटात," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोला कावळे जास्त भितात."

ऐकलंत? घरात यिन जास्त होतंच! फक्त ते छत्रीत नव्हतं, माझ्यात होतं.