गावदेवीला सोडलेला सरपंच

आमच्या घरात माझ्यापेक्षा एका कोंबड्याला जास्त मान आहे, आणि तो मान त्याला मीच मिळवून दिलेला आहे.

हे वाचून कोणी मला शहाणपण शिकवायला येणार असेल, तर आधीच सांगते, येऊ नका. मी कोलशेतला राहते. टॉवरांच्या गर्दीत जी चार-दोन बैठी घरं अजून हट्टाने उभी आहेत, त्यातलं एक आमचं. तिथे मी कोंबड्या पाळते आणि पाळणार. माझं माहेर डोंबिवलीचं, तिसऱ्या मजल्यावरचं. लग्नाआधी मी कोंबडी पाहिलेली ती फक्त रश्श्यातली. (ती मला अजूनही आवडते. ढोंगी म्हणायचं तर खुशाल म्हणा!) पण सासरी मागच्या अंगणात खुराडा होता. कणी टाकता टाकता, उन्हाळ्यात पाण्याच्या थाळ्या भरता भरता, पिल्लांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घालता घालता मी कधी सासूबाईंच्या वरताण झाले ते माझं मलाच कळलं नाही.

सरपंचाच्या आईला मुंगसाने नेलं तेव्हा तो मुठीएवढा होता. मी त्याला चपलांच्या खोक्यात, बल्बच्या उबेला ठेवून वाढवला. मोठा झाल्यावर तो छाती काढून अंगणभर असा फिरायला लागला, की नाव आपोआपच पडलं. गाव महापालिकेत गेल्यापासून आमच्याकडे सरपंच नव्हताच. ती उणीव मी भरून काढली.

आता सरपंच म्हटल्यावर तो भाषण करणारच. पहिली बांग पहाटे साडेचारला, आणि मग मूड लागेल तशी दिवसभर. महिन्याभरात समोरच्या टॉवरचे सेक्रेटरी सप्रे पत्र घेऊन दारात. निवृत्त माणूस, कडक इस्त्री, त्याहून कडक मराठी. पत्रात ध्वनिप्रदूषण हा शब्द तीनदा. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, तुमच्या टॉवरचं पायलिंग चाललेलं तेव्हा त्या दणक्यांनी माझ्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलेलं, मग त्यांनी कोणाला पत्र द्यायचं होतं? सप्रे चहा पिऊन निघून गेले. पत्र मी खुराड्यात अंथरलं, कागद चांगला जाड होता.

बाहेरच्यांशी मी कायमच भांडू शकते हो. घरातल्यांचं काय करायचं?

एका रविवारी माझी नणंद शीळफाट्याहून सहकुटुंब जेवायला येणार होती. सासूबाईंनी सकाळीच सरपंचाला टोपलीखाली झाकलं आणि मसाला भाजायला घेतला. मी स्वयंपाकघरात आले तर खोबऱ्याचा वास सुटलेला आणि टोपलीखालून त्याचा आवाज. मी म्हटलं, दुसरा कुठलाही घ्या, बाजारातून आणा, मी पाहुण्यांना पापलेट खाऊ घालते, पण हा नको. सासूबाई म्हणाल्या, कोंबडा काय पूजायला पाळतात? आमचे हे सुरीला धार लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला माणूस अशा वेळी मान वर करत नसतो.

नेमके तेव्हाच सप्रे दुसरं पत्र घेऊन आले. टोपली, सुरी आणि मसाला बघून त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी जन्मात विसरणार नाही.

"वा," ते म्हणाले, "म्हणजे प्रश्न परस्पर मिटला तर!"

मिटला? त्यांची झोप व्हावी म्हणून मी हाताने वाढवलेलं लेकरू पातेल्यात? माझं डोकं असं सणकलं की तोंडातून काय निघतंय याचं भान राहिलं नाही.

"त्याला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तो मी गावदेवीला सोडलाय."

आमच्याकडे नवस फेडायला देवीच्या नावाने सोडलेला कोंबडा कापायचा नाही, विकायचा नाही, कोंडायचा नाही, त्याच्यावर हातसुद्धा उगारायचा नाही. हे मला सासूबाईंनीच शिकवलेलं. त्यांनी टोपली उचलली, सरपंचाला हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"कंचा नवस बोललेलीस गो?"

आली का पंचाईत? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि समोर सुरी घेऊन बसलेला नवरा दिसला.

"ह्यांचं घोरणं थांबावं म्हणून."

"मंग थांबला?"

नवस फिटला म्हणजे थांबायलाच हवं होतं. मी म्हटलं, हो, थांबलं. ह्यांनी आता मात्र मान वर केली आणि आपण मुळात घोरतच नव्हतो असं निवेदन केलं. सासूबाईंनी त्यांना देवीच्या कृपेबद्दल वाद घालू नको म्हणून दटावलं. तेव्हापासून रोज रात्री माझ्या शेजारी ह्यांच्या घोरण्याचा ट्रक घाट चढतो आणि मला तक्रार करायची सोय नाही. पाहुण्यांनी त्या दिवशी वांग्याची भाजी खाल्ली, माझ्याकडे रोखून बघत.

पण सरपंच जगला! मी जिंकले असं मला तब्बल दोन दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला देवळात नेऊन आणला. कपाळाला कुंकू, पायाला लाल दोरा. कोंडायचा नाही म्हणून खुराड्याचं दार उघडं, मग तो सोफ्यावर झोपायला लागला. भाकरीचा पहिला तुकडा त्याला. माझ्या स्कूटरच्या सीटवर तो बसला की मी रिक्षाने जायचं. (स्टँडवरचे रिक्षावाले विचारायचे, "काय वहिनी, आज पण सरपंच बसलाय काय?") मग तो टॉवरमध्ये जायला लागला. वॉचमनने लाल दोरा बघून नमस्कार केला आणि गेट उघडलं. सप्रेबाईंनी वाटीभर तांदूळ आणून त्याच्यापुढे ठेवले आणि मुलीच्या नोकरीसाठी हळूच काहीतरी पुटपुटल्या. आठवड्याभरात पोरीला नोकरी लागली. (पोरगी हुशार होती, मुलाखती देऊन दमलेली, पण तिला श्रेय कोण देतो?) मग काय, टॉवरच्या बायका रांगेने तांदूळ घेऊन. सरपंच आता त्यांच्या बागेत, सप्र्यांच्या खिडकीच्या बरोब्बर खाली बांग देतो.

आणि या सगळ्या गणगोतात तो चावतो कोणाला? मला! फक्त मला! कपडे वाळत घालायला गेले की पोटरीला चोच. मी कुकरचं झाकण पायापुढे धरून अंगणात फिरते. झाडू उगारला तर सासूबाई कपाळाला हात लावतात. एकदा म्हणाल्या, तुजंच कायतरी चुकला आसंल, माफी माग. आणि मी, जिने त्याला बल्बखाली वाढवला ती मी, त्याच्यापुढे नारळ ठेवून वाकले. मी वाकल्यावर त्याने कानाला चोच मारली.

मागच्या आठवड्यात सप्रे आले. पत्र नव्हतं, इस्त्री नव्हती, कानांत कापूस होता. माणूस निम्मा झालेला. घरात बायको ऐकत नाही, सोसायटीत कोणी सही देत नाही.

"वहिनी, कोणाला सांगणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तो नवस खरा होता का?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली, स्वतःची तर त्याहून जास्त. नाही एवढंच म्हणायचं होतं. सप्र्यांना झोप, मला अंगण, दोघंही सुटलो असतो. तेवढ्यात मागून सरपंचाची चोच माझ्या टाचेवर बसली.

"सप्रे," मी म्हटलं, "देवीच्या कामात शंका घेऊ नये."

ते गेले. मी टाचेला हळद लावली आणि तडक देवळात गेले. देवीला तेवढं सगळं खरं सांगितलं. म्हटलं, आई, नवस खोटा होता, घोरणं अजून चालू आहे, माझं चुकलं, पण हे लोकांना सांगणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही. तूच याला आवर. याने मला चावणं सोडलं, तर तुझ्या नावाने एक कोंबडा सोडीन!

शब्द तोंडातून गेला, आणि मग मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं.

आता बोललेला नवस फिरवता येत नाही. तयारी ठेवलेली बरी म्हणून एक पिल्लू चपलांच्या खोक्यात, बल्बखाली वाढवतेय. त्याचं नाव उपसरपंच. कालच त्याने माझ्या अंगठ्याला चोच मारून बघितली. पण सांगून ठेवते, त्याला कोणी हात लावायचा नाही.