पटवाऱ्याचा पंचनामा

आमच्या ब्रह्मपुरीच्या घरी चहाला कुणी आलं, की मी एकच किस्सा सांगायचं ठरवतो आणि कप थंड होईस्तोवर चार सांगून होतात. दोष माझा नाही, उंदराचा आहे!

पांढरा, अर्ध्या मुठीएवढा. माझ्या लेकीनं, रेणूनं, मैत्रिणीकडून आणला. माझी माय जन्मभर धान पिकवणारी. उंदीर म्हणजे तिचा दुश्मन.

"पाळाले दुसरं जनावर नाई भेटलं काय तुले?"

रेणू रडकुंडीला आली. तेव्हा मायनं अट घातली, "राहू दे. पण माह्या बियाण्याच्या धानाले तोंड लावलं, त्या दिवशी याले शेतातल्या बांधीत सोडून येईन!"

*

पहिल्याच दिवशी गड्यानं घराचा कोपरा न् कोपरा हुंगला. माझे बूट, बायकोची शिलाई मशीन, चार्जरची वायर. माय टक लावून बघत होती.

"पाह्य व, पटवाऱ्यावानी घर मोजून राह्यला!"

आमच्याकडे तलाठ्याला पटवारीच म्हणतात. नाव पडलं ते पडलंच.

*

मग अवकाळीनं धान लोळलं, ते बघायला खरे पटवारी आले. खुर्चीत टेकले, पाणी घेतलं. तेवढ्यात आतून रेणू ओरडली, "बाबा, पटवारी पलंगाखाली घुसला! शेपटी धरून ओढू काय?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. हळूच विचारलं, "आमच्यातलं अजून कोणी आलं हाये काय?"

*

माय आता विरघळत चालली होती. एकदा चामोर्शीच्या मावशीला फोनवर सांगत होती, "पटवारी भल्ला लाडाचा झाला व. दुपारी माह्या पदरातच झोपते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मावशी दारात हजर! चप्पलही काढली नाही.

"बाई, या वयात?"

*

पेरणी आली. मायनं बियाण्याचं पोतं उचललं, तर कोपऱ्याला भोक! रेणूचा चेहरा पडला. पटवाऱ्याचं खोकं तिनं पोटाशी धरलं.

मायनं चष्मा लावला, खाली वाकून लेंड्या तपासल्या.

"घुशीचं काम हाये हे. माह्या पटवाऱ्याचं नाव काहाले घेता?"

आम्ही तर तोंडही उघडलं नव्हतं! तिनंच पोत्याजवळ सापळा लावला, आत भजं ठेवलं.

सकाळी खट्कन आवाज आला. सगळे धावलो. सापळ्यात पटवारी! भज्याला हात लावलेला नाही, पण मिशांना धानाचा कोंडा आणि गाल टम्म. रेणूनं भोकाड पसरलं. मी मायकडे बघितलं, अट तिची होती.

मायनं सापळा उघडला. त्याला पदरात घेतलं, मिशीवरचा कोंडा बोटानं झटकला आणि आमच्यावरच खेकसली,

"पाहून काय राह्यले? नुकसान झालं, त पंचनाम्याले पटवारीच जाईन ना!"